ताटामागचं नाव

थूल मॅडम पंगतीला बसल्या की आधी वाढप्याला हातानेच थांबवत. समोरचं स्टीलचं ताट उलटं करून त्यामागे कोरलेलं नाव वाचत आणि म्हणत, "पाहू द्या जी, आज कोनासंग जेवून राह्यली मी." मग ते माणूस कोण होतं, कोणाशी भांडायचं, त्याला झुणका किती तिखट लागायचा, हे शेजारच्याला सांगून झाल्यावरच ताट सुलट व्हायचं. तोवर वाढपी बिचारा बादली धरून उभा.

नालवाडीच्या पुढे आमची वसाहत आहे. मॅडम, मी शिकवायचो त्याच शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन तिथे राहायला आल्या. प्रत्येक लग्न-बारशानंतर मागच्या नाल्यात साचणाऱ्या थर्माकोलच्या ताटल्या पाहून त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनीच वसाहतीत रिवाज पाडला: घरातलं कोणी गेलं की त्याच्या नावाने ताटं द्यायची. ती मॅडमच्या व्हरांड्यात राहत आणि ज्याच्याकडे कार्य असेल तो घेऊन जाई. माझे वडील गेले तेव्हा मीही दिली.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मेलेल्याच्या नावाचं ताट लग्नात कसं चालेल? मॅडम म्हणाल्या, "तुमचा बाप असता तं लग्नाले आलाच असता ना? मंग ताटाच्या मांगं बसून आशीर्वाद देऊन राह्यला समजा." त्यांचा नियम मात्र एकच होता, जेवणाऱ्याने आपलं ताट आपण धुवायचं. "जेवाले हात लागते, तं धुवाले बी लागते." नवरदेवाच्या मामालाही यातून सुटका नव्हती.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरकारला शून्य कचरा सुचला. योजनेचे समन्वयक आले, मॅडमसोबत फोटो काढले, नवी ताटं आणि गोदाम देऊ म्हणाले. अट एवढीच की जुनी ताटं योजनेत जमा करायची. मॅडम हरखून गेल्या. "सरकारनं हात देल्ला तं सारा तालुका थर्माकोल सोडन जी," म्हणाल्या आणि प्रत्येक ताट पुसून गाडीत चढवलं.

नवी ताटं आली. मधोमध योजनेचं नाव, त्याखाली पुढाऱ्याचं. जुनी कुठे गेली? तर ती एकसारखी दिसत नाहीत म्हणून भंगारात काढली. कचरा कमी करणाऱ्या योजनेने धडधाकट, घासूनपुसून ठेवलेली ताटं कचऱ्यात घातली! मॅडम भंगारवाल्याकडे धावल्या, पण माल वितळवायला गेलेला होता. परत येताना त्या माझ्या दारात थांबल्या. नेहमीचा आवाज नव्हताच. "सर, तुमचे बाबा गेले ना जी त्याच्यात." मी त्यांना पाणी दिलं.

पुढे जयंतीचं जेवण तोंडावर आलं आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली. ताटांवर पुढाऱ्याचं नाव, म्हणून गोदामालाच सील. मी मॅडमसोबत योजनेच्या ऑफिसात गेलो.

"नाव झाकाचं हाये ना? मी एकेका ताटाले पट्टी चिकटवून देते," त्या म्हणाल्या. "पन ताट काऊन कोंडून ठेवलं?"

"मॅडम, वरून आदेश आहे," समन्वयक मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले.

"वरच्याईले सांगा, जेवाले लोकं खाली बसते!"

सील निघालं नाही. जयंतीला पुन्हा थर्माकोल आलं. मॅडम त्या दिवशी घरून स्वतःचं ताट घेऊन आल्या, जेवल्या, ताट धुतलं आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना काय माहीत!

ऑफिसने चौकात श्रद्धांजलीचा भलामोठा प्लास्टिकचा फ्लेक्स लावला. मॅडमची मुलगी संघमित्रा मात्र ताटं घेऊन माझ्याकडे आली. मागे आईचं नाव कोरलेलं. "सर, कोनाले देऊ? घ्याले कोनी उरलंच नाई," ती म्हणाली. मी ती ताटं माझ्या घरात ठेवून घेतली. मॅडमच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे त्या गेल्यानंतरच्या विधीचं, जेवण त्याच ताटांवर झालं. समन्वयकही आले, पोटभर जेवले आणि रिकामं ताट हातात घेऊन म्हणाले, "सर, ही ताटं योजनेत जमा करून टाका. नीट सांभाळू."

मी त्यांच्या हातातलं ताट उलटं केलं आणि मागचं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "वाचा. आणि नळ त्या बाजूला आहे."

त्यांनी ताट धुतलं. कडेला वरण चिकटून राहिलं होतं. मी पुन्हा धुवायला लावलं.