भरली ओटी

कामाला बसण्याआधी मावशी चिमूटभर कोंडा उचलायची, हात उंच करायची आणि बोटं सोडायची. कोंडा कुठे उडतो ते बघून म्हणायची, "आज वारा डोंगराकडून हाय. चला गं, पल्याडच्या पडवीत." की साऱ्या बाया आपापली सुपं उचलून तिच्या मागे निघाल्या!

कर्जतला एका भाताच्या गिरणीत मी इंजिन चालवायचो. दुसऱ्या लढाईचे दिवस. मावशी भिसेगावची, पाखडणाऱ्या बायांची मुकादमीण. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं झालेलं. ना मूल, ना शेत. गिरणी हेच तिचं घर, आणि त्या बाया हाच गोतावळा.

माझं नि तिचं काही फारसं पटायचं नाही. "तुजं इंजन गप कर रं, माजी गोष्ट अर्दी राह्यली," असं ती रोज ओरडायची. आता इंजिन गप केलं तर गिरणीच बंद पडेल, हे तिला कोणी सांगावं? गोष्ट महत्त्वाची!

मुकादम म्हटला की खेकसणारा, असंच आपण सगळ्यांनी पाहिलंय. ही कुणावर खेकसली नाही. एखादीचं सूप रेंगाळलं तर म्हणायची, "काय गं, नवरा सपनात आला का काय?" हशा पिकायचा, आणि तीच बाई सगळ्यांच्या पुढे जायची. सासूच्या कागाळ्या, माहेरच्या आठवणी, सगळं त्या पडवीत पाखडलं जायचं आणि तांदूळही लख्ख व्हायचा.

मग धान्यावर कंट्रोल आला. शेठनी मुंबईहून एक म्यानेजर आणला. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगून ठेवतो. भित्रा होता. सरकारी तपासनीस केव्हा येईल आणि धान्य कमी भरलं म्हणून बेड्या ठोकील, या धास्तीने त्याला अन्न गोड लागत नसे. पडवी पडली रस्त्याला लागून; तिथून तांदूळ बाहेर गेला तर? त्याने बाया उचलून मागच्या कोठीत बसवल्या, खिडकीला फळ्या ठोकल्या, बोलायची बंदी केली. आणि संध्याकाळी दारात पहारेकऱ्यासमोर एकेकीने लुगड्याचा ओचा झाडून दाखवायचा, तरच घरी जायचं.

कोठीत पहिल्या दिवशी मावशीने चिमूट सोडली. कोंडा सरळ तिच्याच पायावर पडला. "मेला गं वारा," म्हणाली आणि खाली बसली.

तांदळात खडे राहू लागले, कोंडा राहू लागला. पोती परत यायला लागली. म्यानेजर मावशीवर चिडला. "तुमच्या बायकांचं लक्ष असतं कुठे?"

"लक्ष हितंच हाय सायेब. पन तुमीच कुलूप घातलंय त्याला."

त्याला ते काही उमगलं नाही. कोठीतला धुरळा बाया खोकत का होईना सोसत होत्या; पण रोज परपुरुषापुढे ओचा झाडायचा म्हणजे रोज चोर ठरायचं. ते कसं सोसावं?

अशात एक पोर पहिलटकरीण. दिवस भरत आलेले, दुसऱ्या दिवशी शेलूला माहेरी निघायची होती. मावशीने घरून तांदूळ, नारळ, हळकुंड आणलं. काम सुटल्यावर एका सवाशिणीला पुढे करून पोरीची ओटी भरायला लावली आणि आपण लांब भिंतीशी उभी राहिली. विधवेचा हात ओटीला लागत नाही ना! बाया फार दिवसांनी हसल्या. त्या आनंदात दार आणि पहारेकरी साफ विसरून गेल्या.

"ओचा झाड," पहारेकरी म्हणाला.

पोर रडायलाच लागली. म्यानेजर धावत आला. "तांदूळ!"

"ओटी हाय ती, सायेब," मावशी मध्ये आली. "तांदूळ माज्या घरचं. आनि हळकुंड बगा की. तुमच्या गिरनीत हळकुंडं बी पिकत्यात व्हय?"

एरवी तो हसला असता. पण पोती परत आलेली, शेठ रागावलेले. "नियम तो नियम. झाडायला सांगा, नाहीतर उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"भरली ओटी झाडायची नसती," मावशी म्हणाली. "नाय येत मी." पोरीच्या दंडाला धरून ती सरळ पहारेकऱ्याच्या अंगावरून बाहेर गेली. स्वतःचं घर सोडून गेली हो ती.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, बसल्या, सुपंही हलली. पण बंदीतही चालायची ती कुजबूजसुद्धा नाही. माझ्या इंजिनाच्या धडधडीतसुद्धा ती शांतता मला खायला उठली. शेवटी न राहवून मी म्यानेजरला म्हटलं, "साहेब, इंजिनालाही हवा लागते. कोंडलं तर काळा धूर ओकतं. ही तर माणसं आहेत."

त्याने माझीच पकड मागून घेतली आणि खिडकीचे खिळे आपल्या हाताने उपटले. पहारेकऱ्याला दारावरून उठवून पोत्यांपाशी बसवलं. बाया पुन्हा पडवीत आल्या. आणि दुसऱ्या सकाळी म्यानेजर एकटा भिसेगावला गेला. काय बोलला कोण जाणे. परतला तेव्हा मावशी मागून येत होती. पडवीत तिने चिमूट सोडली. कोंडा उडाला.

शिमग्याच्या सुमारास ती पोर बाळ घेऊन आली. बाळ दुसरीच्या मांडीवर दिलं आणि ओंजळीत तांदूळ घेऊन मावशीपुढे उभी राहिली.

"अगं येडे, माजी नाय भरत."

"माजी भरली तवा तुमी भिंतीशी उभ्या व्हत्या. आता मी भरनार. पदर पसरा."

आमच्याकडे ही रीत नाही. पण बायांनी सरकून पोरीला जागा करून दिली. मावशीने पदर पसरला. संध्याकाळी दोन्ही हातांनी ओटी सावरत ती गेली, आणि पहारेकरी आपणहून उभा राहिला.

त्याच वर्षी पावसाळ्यात मावशी तापाने गेली. आता कुठे कोंडा उडताना दिसला की वारा कुठून आहे ते मी आधी बघतो.

तिची ओटी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली होती. मी चिडवलं, "काय मावशी, ओटीच्या तांदळाची खीर केली का नाही?"

तिने तोंड फिरवलं. पदर डोळ्यांना लावला.

"तुजं इंजन गप कर रं," म्हणाली.

इंजिन मी अजून सुरूच केलं नव्हतं.