गळ्याचं माप

पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती काळ्या मण्यांची पोत ओवायची. त्याआधी समोरच्या बाईचा गळा दोऱ्याने मोजायची आणि म्हणायची, "आता गिळ." बाईने गिळलं की ही तिच्या गळ्याकडे टक लावून पाहायची. मगच मण्यांना हात लावायची.

पांढरकवड्याच्या बाजारात तिचा ओटा होता. सगळ्या तिला चाची म्हणायच्या. पोती ओवणाऱ्या पटव्याच्या घरची, नवऱ्याच्या मागे धंदा तिनेच धरला. आमच्या पोती मुसलमान बाई ओवते याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. तोंडाने फटकळ आणि हाताने पक्क्या अशा बायका तुमच्याही बाजारात असतील. प्रत्येकीच्या गळ्याचं माप ती दोऱ्याला गाठ मारून खुंटीला टांगायची. कोणाचा दोरा कोणता, हे तिलाच ठाऊक.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिच्याकडे गेले. लग्नाला चार वर्षं झाली होती.

"चाची, पोत काचते. दोन बोटं वाढव."

तिने माझा दोरा काढून गळ्याला लावला. पुरेना.

"अंग वाळून राह्यलं तुहं, आन गळा कायले वाढून राह्यला? गिळ."

मी गिळलं.

"गोळा सरकते वर. हात पुढं कर."

बोटं थरथरत होती. ती मला दिसली नव्हती, तिला दिसली.

"जेवतं किती?"

"सासू म्हणते, खाते म्हशीवानी."

"गळ्याचा घेंगा हाय हा. पोत वाढवत नाही मी. वाढवली का तू अजून सालभर गप बसशीन. डाक्टरले दाखव."

मला राग आला. गिऱ्हाइकाला असं परत पाठवणारी दुकानदारीण मी दुसरी पाहिली नाही. पण बसल्या जागी छाती धडधडायची, हे खरं होतं.

नवऱ्याने नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी वाढली आहे आणि गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. असंच चाललं तर हृदय थकेल. आधी दोन महिने गोळ्या, मग दवाखान्यात ठेवून दहा दिवस दुधातून आयोडिनचे थेंब, मग ऑपरेशन. गोळ्या मी नेमाने घेतल्या. धडधड बसली, हात स्थिर झाले.

अडलं ते पुढेच. ऑपरेशनला गळा रिकामा हवा होता. सासू आडवी आली. "पोत उतरली आन माह्या लेकाले काही झालं त?" भरती व्हायला चार दिवस उरले होते. मी बाजारात गेले तेव्हा चाचीला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी.

"काय वो बुढे," ती सासूला म्हणाली, "तुही पोत मी किती खेपा ओवली?"

"झाल्या असतीन वीस."

"ओवताना ते कुठी अस्ते?"

"तुह्या अंगठ्याले."

"मंग तुहा बुढा मेला काय?"

सासरे बाजेवर विडी ओढत बसले होते. त्यांनीच उत्तर दिलं, "नाही मेलो अजून."

"ते घटकाभराचं," सासू म्हणाली.

"मी म्हातारी झाली. हात चालत नाही. हिची पोत ओवायले मले महिना लागते." असं म्हणून चाचीने माझ्यापुढे हात पसरला.

सासूने सासऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाताले हळकुंड बांध बाई तिच्या." पोत ओवायला टाकली की तसं बांधायची आमच्याकडे रीतच होती. मी पोत काढून दिली.

ऑपरेशननंतर डोळे उघडले तर डॉक्टर वाकून म्हणत होते, "बोला काहीतरी." आवाजाची शीर त्या ग्रंथीला लागूनच असते, तिला धक्का लागला की आवाज जातो. मी म्हटलं, "गिळू काय?" आवाज चिरका निघाला, पण माझाच होता. डॉक्टर का हसले नाहीत ते मला नंतर कळलं. त्यांना काही समजलंच नव्हतं.

परत आल्यावर आधी ओट्यावर गेले. पोत चाचीच्या अंगठ्याला होती. सगळे मणी ओवलेले, शेवटची गाठ तेवढी बाकी. पोत तिने पहिल्याच दिवशी ओवली होती. सासू दर बाजारी "झाली काय?" विचारायला यायची. ती दिसली की ही चार मणी दोऱ्यावरून उतरवायची आणि म्हणायची, "ओवून राह्यली."

"गाठ कायले नाही मारली?" मी विचारलं.

"गळा पाहाल्याबिगर?" तिने माप घेतलं. अंग थोडं भरलं होतं. जुन्या गाठीच्या नखभर पुढे दोऱ्याला नवी गाठ मारली. "गिळ."

मी गिळलं. बराच वेळ पाहून तिने पोत बांधली.

पुढे चाची गेली, ते मला बाजाराच्या दिवशी कळलं. ओट्यावर तिची सून होती. मी माझं माप मागितलं, तसा खुंटीवरचा दोऱ्यांचा जुडगा तिने माझ्यापुढे टाकला. "कोणाचा कोणता, मले काय मालूम?"

दोन गाठींचा एकच दोरा होता. मी तो गळ्याला लावला, दुसऱ्या गाठीवर बरोबर बसला. सवयीने तिच्यासमोर गिळलंही.

काय पाहायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.