उस्तादांचं पथ्य

उस्तादांनी गोड सोडलं, तेव्हा अख्ख्या गल्लीला ते ऐकावं लागलं. रक्तात साखर वाढलीय असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या बेकरीच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी बिनसाखरेचा चहा चारचौघांना दाखवून प्यायला. पुढे कित्येक वर्षं तेच. कुणी केक घ्यायला आलं, की केक बांधून देता देता हे ऐकवणार, मी स्वतः याचा कणसुद्धा तोंडात घालत नाही, माणसाला मन मारता आलं पाहिजे. गिऱ्हाईक बिचारं ‘वा वा’ म्हणायचं. काउंटरमागे बसलेली त्यांची बायको कागद दुमडत मनात म्हणायची, झालं यांचं पुराण सुरू.

कारण आत काय चालायचं ते तिला दिसत होतं ना! भट्टीतून पावांची खेप निघाली की उस्ताद एक पाव कापणार आणि त्याच्या टोकाचा जाडजूड तुकडा गरमागरम खाणार. चव बघितल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. पहाटेपासून चव बघता बघता दुपारपर्यंत दोन-तीन पाव पोटात गेलेले असायचे. वर जेवायला उकडलेले बटाटे, आणि त्यांच्याबरोबर पुन्हा पावच. पावात कुठली आलीय साखर, त्यात तर मीठ असतं! जे जिभेला गोड लागत नाही त्याचा साखरेशी संबंध काय, असा त्यांचा सिद्धांत. तो मांडताना मान अशी ताठ, की मैद्याचा शोध जणू यांनीच लावला.

त्यांची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आणलं आणि वडिलांना समोर बसवून समजावलं. मैदा पोटात गेला की त्याची साखरच होते, तीही झटपट. बटाट्याचंही तेच. अंडी, पालेभाज्या, शेंगा यांनी साखर अशी उसळत नाही. पाव खायचाच तर थोडा खा, आणि यांच्या जोडीने खा. उस्ताद मोठ्याने हसले आणि त्यांनीच पैज लावली. मेहुण्याने केक खायचा, आपण पाव-बटाटे खायचे, आणि दोघांनी आधी एकदा, नंतर एकदा बोटं टोचून घ्यायची. दोन तासांनी मेहुण्याचा आकडा आला एकशेवीस. उस्तादांचा तीनशेच्या पुढे.

मेहुणा खुदकन हसला. मुलगी म्हणाली, मामाला हा आजार नाही, त्याचं सोडा, तुमचाच जेवणाआधीचा आकडा बघा, तो आत्ताच्या निम्मा होता. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना अंडी, पालेभाजी आणि पावाचा एकच पातळ तुकडा दिला, तेव्हा आकडा जेमतेम वर सरकला. आता तरी पटावं की नाही? पण उस्तादांनी निकाल दिला, यंत्रच बिघडलेलं आहे. मग बायकोकडे वळून म्हणाले, “तूच सांग, मी गोड खातो का?”

“छे हो, कुठे खाता,” ती म्हणाली.

घरात उगाच कटकट नको म्हणून म्हणाली. मुलीने आईकडे एकदा बघितलं आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

मग एका सकाळी बायको रिकामे ट्रे घेऊन आत गेली, तर फरशीवर सांडलेल्या पिठात पावलं उमटलेली, आणि दर डावं पाऊल लाल. उस्ताद आपले भट्टीपुढे मजेत येरझाऱ्या घालत होते. तुटक्या ट्रेचा पत्रा चप्पल फाडून पायात घुसला होता आणि यांना पत्ताच नाही! डॉक्टर म्हणाले, साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात. जखम काही केल्या भरेना, अंगठा काळा पडला. शेवटी तो काढावा लागला. आता साखर खाली आली नाही तर पाऊलही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पाऊल गेलं तर भट्टीपुढे उभं कसं राहणार, आणि भट्टी सोडून या माणसाला दुसरं येतं तरी काय?

तरी वॉर्डात पाय उशीवर ठेवून यांचं सुरूच. शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्याला सांगत होते, मी इतकी वर्षं गोडाला शिवलो नाही, तरी बघा माझ्या वाट्याला काय आलं. बायकोच्या डोक्यात तिडीक गेली.

“गोड सोडलंत, पाव सोडलात का? त्याची साखर होत होती. पोरीने आकड्यानिशी दाखवलं होतं तुम्हाला.”

रंगाऱ्याने तोंड फिरवून घेतलं. आता हे भडकणार, असं तिला वाटलं. पण उस्तादांनी पायाच्या पट्टीची सुटलेली कड बोटाने आत खोचली.

“तुला तेव्हाच पटलं होतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

“मग मी तुला विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? तुझं ऐकलं असतं मी.”

ऐकलं असतं की नसतं, देव जाणे. कटकट नको म्हणून गप्प बसले, असं ती सांगू शकली असती, पण ते अर्धंच खरं होतं. काउंटरमागे बसून मनातल्या मनात या माणसाला हसण्याची तिला चटक लागली होती, आणि तो शहाणा झाला असता तर तिने हसायचं कुणाला? हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तो उत्तराची वाट बघत होता, आणि या वेळीही तिने खरं सांगितलं नाही.