बाहेरचा नमुना

माझे भावोजी कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी भिंतींकडे बघायचे. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत हे कोचामागे वाकून भिंतीला तळहात लावून उभे. माझ्या नव्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याच्या पेल्याला हात लावायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उचललं, मागे नाक खुपसलं आणि म्हणाले, "रंगसम्राट, वरून कीर्तन, आतून तमाशा!" मी धंद्याने रंगारी. त्या भिंतीला मी स्वतः रंगाचे दोन हात दिले होते. नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. पण महिन्याभरात नेमका तिथेच पापुद्रा सुटला, मग काय बोलणार?

घरातली हवा तपासणं हा त्यांचा धंदा. मुलाचा खोकला जात नाही, कपाट उघडलं की कुबट वास येतो, विकत घ्यायच्या घरात कुठे ओल तर मुरलेली नाही ना, असं काही असलं की लोक त्यांना बोलवायचे. गिऱ्हाइकं त्यांना बुरशीवाले म्हणायची. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, हसत म्हणायची, "मी बुरशीवालीण. छान दिसतं का रे दारावरच्या पाटीवर?"

मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. शिस्त अशी की बघणाऱ्याचाच जीव गुदमरावा. आदल्या संध्याकाळपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, पंखा लावायचा नाही, झाडलोट करायची नाही. खोलीच्या मधोमध तिकाटण्यावर एक छोटा पंप, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर. तो पाच मिनिटं घुर्रर्र करत हवा ओढायचा, आणि हवेतले बुरशीचे कण आतल्या काचेच्या चिकट पट्टीवर अडकायचे. ती पाच मिनिटं घरातल्यांनी हलायचंही नाही. मग तोच पंप बाहेर, अंगणात नाहीतर गॅलरीत. हा बाहेरचा नमुना. त्याच्यावाचून ते कुठलंच काम पुरं मानायचे नाहीत. "अरे, बुरशी सगळीकडे असते," ते मला सांगायचे. "बाहेरच्यापेक्षा आत जास्त असली तर घर आजारी. बाहेरचा आकडा म्हणजे माझी मोजपट्टी." दोन्ही पट्ट्या प्रयोगशाळेत जायच्या, तिथल्या बाई सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजून आकडे पाठवायच्या, आणि आकड्यांचा अर्थ भावोजी लावायचे.

आणि अर्थ लावताना ते सख्ख्या मेहुण्यालाही सोडायचे नाहीत. एका घरमालकाने भाडेकरू यायच्या आधी काळी पडलेली भिंत माझ्याकडून रंगवून घेतली होती. वर्षभरात त्या भाडेकरणीच्या तान्ह्या बाळाला धाप लागायला लागली. भावोजी गेले, भिंतीला ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र टोचलं, रंग खरवडला आणि अहवालात लिहिलं, "बुरशीवर जाणूनबुजून रंग दिलेला आहे." कुणी दिला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्या घरी जाऊन तमाशा केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जे दिसतं ते लिहितो. तू जे दिसतं ते झाकतोस." वर ताईला म्हणाले, "चहा टाक गं, तुझ्या भावाच्या घशाला कोरड पडली असेल." असला माणूस. राग येतो, पण त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावासा वाटतो. आमचं सगळ्यांचं नुकसान त्या विश्वासानेच केलं.

घराबाबत त्यांचा एकच नियम होता. कामावरचे कपडे घरात आणायचे नाहीत. दिवसभर कुजलेलं प्लॅस्टर उकरायचं, ओले गालिचे उचलायचे, छताच्या पोकळीत शिरायचं, त्या कपड्यांना काय काय चिकटलेलं असणार! म्हणून गॅलरीत एक खुंटी होती. गॅलरीला जिन्यावरूनही दार होतं. तिथून यायचे, कपडे तिथेच उतरवून खुंटीला लावायचे, आंघोळ करायचे आणि मग घरात. ताईला आजाराची बाधा नको, म्हणून हे सगळं. खोटं कशाला बोलू, बायकोला इतकं जपणारा माणूस आमच्या घरात दुसरा झाला नाही.

सकाळी ताई गॅलरीत जायची, घराचं दार मागे ओढून घ्यायची, ते कपडे खुंटीवरून काढायची आणि कठड्याशी उभी राहून खसाखसा झटकायची. प्लॅस्टरची रेती मशीनच्या जाळीत अडकते, म्हणून आधी झटकायचे असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. मग खिसे उलटे करायची, पॅंटच्या दुमडी सोडवायची, पुन्हा झटकायची. ताईचं काम कसं, तर एकदा हातात घेतलं की चकचकीत. बावीस वर्षं रोज.

तिला खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, दोन दिवसांनी बरी. मग एक मजला चढताना मध्येच थांबायला लागली. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाले, "फुप्फुसांना कशाची तरी बाधा होतेय. श्वासाबरोबर काहीतरी रोज आत जातंय. ते थांबलं तर आजार थांबेल. घरात पक्षी आहेत? ओल आहे? बुरशी?"

भावोजींनी दुसऱ्याच दिवशी घर तपासायला घेतलं. परक्या घरात करत तसंच, तसूभर कमी नाही. आदल्या संध्याकाळपासून खिडक्या बंद. सकाळी पंप आधी झोपायच्या खोलीत, मग स्वयंपाकघरात, मग गॅलरीत. त्या सकाळीही ताईने तिचं काम चुकवलं नव्हतं. तपासणी आहे म्हणून उलट लवकर उठून, दार घट्ट लावून, गॅलरीत कपडे झटकून, भिजवून मोकळी झाली होती.

अहवाल आला. घरात नऊशे कण, बाहेर एकवीस हजार. भावोजी ते कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होतो. इतका मोकळा झालेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "घर स्वच्छ आहे, डॉक्टर. बाहेरच्या मानाने काहीच नाही." डॉक्टरांनी मान डोलावली. या विषयातला जाणता माणूस स्वतः सांगतोय म्हटल्यावर ते तरी काय विचारणार? त्यांनी घर यादीतून खोडलं, आणि ताईला भारी गोळ्या सुरू झाल्या.

मधल्या काळात ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली. माझं घर म्हणजे डबे, ब्रश, टर्पेंटाइनचा वास. मला धास्ती होती. पण आठ दिवसांत ताईचा खोकला कमी झाला, पंधरा दिवसांत ती जिना चढली. मी भावोजींना फोन करून चिडवलं, "तुमच्या स्वच्छ घरापेक्षा रंगाऱ्याचं घर मानवलं हो तिला!" ते म्हणाले, "माहेरपण रे. कामापासून सुटका झाली, दुसरं काय." दोघेही हसलो. परत गेली आणि महिन्याभरात जागच्या जागी धापा टाकायला लागली. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण घर तपासलेलं होतं ना!

अशी दोन वर्षं गेली. ताईच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली, पलंगाशेजारी यंत्र आलं. कपडे झटकायला ती उभी राहू शकेना, तेव्हा कुठे ते काम भावोजींकडे गेलं.

एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या जुन्या नोंदी एकत्र लावत होत्या. भावोजींचे हात ओले होते, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"तुमच्या स्वतःच्या घराचा नमुना आहे दोन वर्षांपूर्वीचा," बाई म्हणाल्या. "त्या आठवड्यात शहरातले बाहेरचे सगळे नमुने हजार-बाराशेच्या आत आहेत. तुमच्या गॅलरीतलाच एकवीस हजार कसा? आणि बुरशीची जात बघितली तर ओल्या प्लॅस्टरवरची. मोकळ्या हवेत इतकी सापडत नाही हो. तुमच्या गॅलरीत तेव्हा होतं तरी काय?"

भावोजींनी हात पुसले. गॅलरीचं दार उघडलं. खुंटीवर आदल्या दिवशीचे कपडे होते. ते त्या कपड्यांकडे बघत उभे राहिले, आणि फोनवर बाई "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. शेवटी फोन मी बंद केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण किती सहज म्हणतो. या माणसाने आतला आकडा बघितला, तो लहान आहे हे बघितलं, आणि सुटकेचा निःश्वास सोडला. बाहेरचा आकडा त्याच्यासमोर त्याच कागदावर होता. पण जन्मभर त्या आकड्याकडे मोजपट्टी म्हणून बघितलेलं. मोजपट्टीच आजारी असेल, हे हवा तपासणाऱ्याच्याच डोक्यात येत नाही. माझ्यासारख्या अडाण्याने विचारलं असतं, अहो, बाहेर एवढं कसलं आलं?

मला वाटलं होतं, ते ताईपासून लपवतील. मी लपवलं असतं. माझा धंदाच तो. ते सरळ आत गेले, पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

"अगं, सापडलं."

"काय?" ताईने नळी सारखी केली.

"तुझ्या खोकल्याचं कारण. माझ्या कपड्यांत होतं. तू झटकायचीस ना, ते तुझ्या श्वासात जायचं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. कागदावर होतं, मला वाचता आलं नाही."

एवढ्यातेवढ्या वाक्याला ताईला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. ती म्हणाली, "म्हणजे... मी नीट... झटकत नव्हते का?"

भावोजींनी तिचा हात धरला. "नीट झटकत होतीस गं," ते म्हणाले. "फार नीट झटकत होतीस." आणि तिच्या पांघरुणात तोंड लपवून तो माणूस लहान मुलासारखा रडला. मी दारात उभा होतो. मलाही रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर बहुधा थांबवता आलं असतं. आता फुप्फुसं कडक झाली आहेत, ती मऊ होत नाहीत. पाच महिन्यांनी ताई गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी भावोजींना तोंडावर म्हणालो, "तुम्ही तोंडाला पट्टी बांधून भिंती उकरत होतात, आणि माझी बहीण उघड्या तोंडाने तुमचे कपडे झटकत होती. बावीस वर्षं." ते फक्त "हो" म्हणाले. सफाई नाही, कारण नाही. भांडायलाही माणूस उरला नाही. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

काम त्यांनी सोडलं नाही, हे माझ्या कानावर येत होतं. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, तुमचे बुरशीवाले आता जरा विचित्र झालेत, पंप काढायच्या आधी बायकांना भलतंच काहीतरी विचारतात. मी म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय. ताईच्या घराचा अहवालही त्यांनी नव्याने लिहिला, असं प्रयोगशाळेतल्या बाईंकडून कळलं. "दूषिततेचा स्रोत" या रकान्यात लिहिलं होतं: परीक्षकाचे कपडे. खाली सही.

वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी ते माझ्या दारात उभे. हातात पंपाची पेटी नाही, काही नाही. बायकोने "या, भावोजी" म्हणून आत घेतलं. मी खुर्चीतून उठलो नाही. ते बसले. कुठल्याच भिंतीकडे त्यांनी बघितलं नाही, कॅलेंडरकडेसुद्धा नाही. बायकोने पाणी आणलं, ते त्यांनी सगळं पिऊन टाकलं. मी वाट बघत होतो, माफी मागतात की काय, आणि मागितली तर काय काय सुनवायचं हे मी वर्षभर ठरवून ठेवलं होतं.

ते माझ्या बायकोला म्हणाले, "हा दिवसभर भिंती घासतो. जुना रंग, भेगांत भरलेली लांबी, सगळी पूड अंगावर घेऊन येतो. याचे कामाचे कपडे कोण झटकतं?"

तिला हसू आलं. "म्हणजे काय, मीच की. दुसरं कोण झटकणार?"

आता भावोजींनी माझ्याकडे बघितलं. ठरवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते तसंच गिळलं, आणि उठून मागच्या दाराच्या खिळ्यावरचे कपडे काढायला गेलो.