तिसरं मत

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला लूमचा पट्टा दाखवत होतो. पट्टा हातातच राहिला. महिना होऊन गेला, तरी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा थांबली की वाटतं, आता हा उतरेल आणि लांबूनच ओरडेल, "काय रं, पक्षवाले!" इतकी आठवण येते की कधी कधी रागच येतो त्याचा.

मधू लूमवर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. आम्ही शाळेपासूनचे दोस्त, पण आमची खरी सोबत मतदान केंद्रातल्या बाकावरची. मी पक्षाचा पोलिंग एजंट, कारण माझा चुलतभाऊ पक्षात. मधू कुठल्याच पक्षाचा नाही. ज्या अपक्षाला बाकावर बसायला माणूस मिळत नसे, त्याच्यासाठी हा शिफ्ट सोडून बसायचा. दिवसभर मतदार यादीवर खुणा करायच्या, दुपारी माझ्या डब्यातल्या सुकटीवर ताव मारायचा, आणि निकालाच्या दिवशी हरायचं. मी चिडायचो, "अरे, मत वाया घालवतोस!" तो म्हणायचा, "तुमचा न्हायतर त्यांचा, दोगं पन आपलं मत खिशात धरूनच चालल्यात. आपन खूश न्हाय, ह्ये कुटं तरी दिसाया नको?"

गेल्या निवडणुकीत तो एका निवृत्त मास्तरांसाठी बसला होता. आमच्या पक्षाने तिकीट दिलं ते समोरच्या पक्षातून कालपरवा आलेल्या माणसाला. ज्याच्याविरुद्ध मी पाच वर्षं घसा कोरडा केला, त्याच्याच नावाच्या स्लिपा वाटायच्या! बाकावरून उठून मत द्यायला गेलो, मशीनसमोर उभा राहिलो आणि... मास्तरांचं बटण दाबलं. परत येऊन मधूशेजारी बसलो तेव्हा कान गरम झाले होते.

मास्तरांचं स्वतःचं नाव दुसऱ्या केंद्राच्या यादीत होतं; मतमोजणीत आमच्या केंद्रावर त्यांना तीन मतं निघाली. बाहेर येऊन मी आकडा सांगितला. मधू बोटं मोजायला लागला. "एक माजं. एक हिचं. आन् तिसरं?" त्याचा चेहरा असा खुलला की जणू हाच निवडून आलाय. त्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक माणूस त्याला तिसरा वाटायला लागला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी कित्येक वर्षं अबोला होता. त्याच्या घरी हा स्वतः चहा प्यायला गेला. "त्यानं पन दिलं आसंल, काय सांगावं!"

मी गप्प राहिलो. आधी चुलतभावाच्या भीतीने, मग मधूचा आनंद बघून. सांगितलं असतं तर त्याची ती शोधाशोध संपली असती, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं तर मी भ्यालो होतो. इस्पितळात शेवटचा भेटलो तेव्हा श्वास गोळा करून त्याने विचारलं, "तिसरा कोन आसंल रं?" खाटेच्या पलीकडे चुलतभाऊ सफरचंदं घेऊन उभा होता. मी म्हणालो, "असेल कुणीतरी." दोन दिवसांनी मधू गेला. एवढं एक वाक्य माझ्याकडे होतं त्याला द्यायला, आणि मी तेही दिलं नाही.

परवा राहवेना. त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "वहिनी, तिसरं मत माझं होतं."

पदराचं टोक चाळवत त्या म्हणाल्या, "भावजी, माजं मत त्या मास्तराला न्हवतंच. ज्यानं आमच्या दारात नळ आनला, त्याला दिलं मी. ह्यांना सांगाया जीभ न्हाय रेटली."

एक त्याचं, एक माझं... मधूसारखीच मी बोटं मोजली, तर दोनच भरली.

"म्हंजे अजून एक कोनतरी हायच," वहिनी म्हणाल्या, आणि दाराबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांकडे बघता बघता रडायला लागल्या.