रेवदंड्यातली दुसरी सही

रेवदंड्याला राहणारा माझा दादा वारल्यापासून मी तिकडे गेले नव्हते. या वेळी जावंच लागलं. तिथल्या नव्या जेट्टीला कर्ज देणारी बँक अनेक देशांनी मिळून चालवलेली आहे. तिच्यावर कुणाला बसवायचं हे आपल्याला कुणी विचारत नाही. पण तिच्याविरुद्धची तक्रार ऐकायला एक स्वतंत्र कक्ष आहे. त्यासाठी निदान दोन बाधितांच्या सह्या लागतात. जेट्टीत मासे सुकवायची वाळू जाते, या तक्रारीवर एक दादाची होती, दुसरी मासे सुकवणाऱ्या हिराबाईंची. आता एकच उरली. कक्षाच्या बाई येणार होत्या, त्यांच्यासमोर दादाऐवजी मी सही करावी, असं हिराबाईंचं म्हणणं.

गेटवेहून मांडव्याची बोट, त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस, पुढे रिक्षा. शनिवार टाळा, रांग फार असते. हिराबाईंकडे जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी जेवून आम्ही देवळातल्या बायकांच्या बैठकीला गेलो.

हिराबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमी बँकेच्याच ना? मग बँकेला रागावनार कोन?"

दुभाष्याने बाईंचं उत्तर सांगितलं, "आम्ही तिच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली नाही. अहवाल थेट संचालक मंडळाकडे जातो. तुम्हालाही मिळेल, मराठीत."

"म्हंजे सासूला बी कोनतरी इचारनार!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

मग बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथे राहता?"

"नाही, ठाण्याला."

"मग तुमची सही चालणार नाही."

वाईट वाटलं. पण त्यांनी उगाच आशा लावली नाही.

दुसरं कुणी पुढे येईना. बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी जेट्टीच्या ठेकेदाराकडे कामाला होतं. नावं गुप्त ठेवू, असं बाई म्हणाल्या.

"गावात गुपित?" हिराबाई म्हणाल्या. "उद्या सकाली अलिबागला कललं असंल."

बाईंनी समोर पसरलेला जेट्टीचा नकाशा मिटला. "जागा तरी दाखवाल?"

कागदावर ती नुसती मोकळी वाळू. तिथे खूण नाही, दगड नाही. पण मासे सुकवायची प्रत्येकीची जागा ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. बायका वाळूवर गेल्या आणि एकेक जण आपापल्या जागेवर उभी राहिली. बाई चपला काढून उन्हात प्रत्येकीपाशी गेल्या. "नाव लिहू?"

पहिल्या दोघी नको म्हणाल्या. तिसरी म्हणाली, "जाग्यावर हुबी हाय ना? लिव."

मग पहिल्या दोघींनीही हाक मारून त्यांना परत बोलावलं.

महिन्याने, दादाची बहीण म्हणून, मलाही ठाण्याला मराठीत पत्र आलं. तक्रार स्वीकारली, चौकशी होईल. निकालाचं कुणालाच माहीत नाही. एवढ्या मोठ्या बँकेला वाळूतल्या बायकांना उत्तर द्यावं लागतंय, हेच मला मोठं वाटतं.

गेले काही महिने रेशनकार्डापासून वीजबिलापर्यंत सगळीकडून मी दादाचं नाव कमी करत होते. या पत्रातल्या यादीत ते पहिलं आहे. पुढे कंसात ‘मयत’, आणि खाली एकवीस बायका.