तिला दिसलेला चंद्र

ॲडम्सटाउनच्या आमच्या भाड्याच्या घरात माझा गणपती किचनच्या प्रेसमध्ये असतो. इथे आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात. वरच्या फळीवर तांदूळ, चहाचा डबा आणि तो. खरं निरांजन लावलं की स्मोक अलार्म कोकलतो, म्हणून सेलवरचा दिवा.

व्हिसा संपत आला होता आणि नोकरी नव्हती, म्हणून मी संकष्टी धरली. माझी रूममेट नागपूरची, इथल्या कॉलेजात माझ्याच वर्गातली. ती उपास करायची नाही. पहिल्या संकष्टीला मी पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ पाहून ताट वाढून घेतलं, तेव्हा ती हसली होती. "अगं, हा पुण्याचा चंद्र. इथला यायचाय अजून!"

लिमरिकच्या एका कंपनीत आम्ही दोघींनी मुलाखत दिली. निकाल नेमका संकष्टीला आला. मी सकाळपासून उपाशी, आणि निवड झाली तिची, चीज टोस्ट खाता खाता.

मी "काँग्रॅट्स" म्हणाले, मिठीही मारली. मग प्रेसचं दार उघडून मनातल्या मनात गणपतीला विचारलं, खोली चुकलास का? तिच्या स्लिपर्सचा आवाजसुद्धा मला नकोसा झाला होता.

ती मागे येऊन उभी राहिली. "रडून राहिली का तू?"

"नाही. कांदा चिरत होते."

"उपासाला कांदा?"

तिने स्वतःचं जेवण परत फ्रीजमध्ये ठेवलं. "चंद्र येईपर्यंत मीपण थांबते. सोबत जेवू."

"तू कुठे मानतेस हे सगळं?"

"बाबा आयसीयूत होते तेव्हा लई मागितलं मी. नाही वाचले. तेव्हापासून मागत नाही काही. सकाळी तू उठायच्या आधी इथे येऊन उभी राहते फक्त. बरं वाटतं."

माझ्या गणपतीसमोर! नोकरीपेक्षा मला याचाच हेवा जास्त वाटला. मी रोज त्याच्याकडे अर्ज करत होते आणि बरं मात्र तिला वाटत होतं. बाबा जाऊनही. मला तर एका नोकरीवरून त्याचा राग आला होता.

ती लिमरिकला गेली. पुढच्या संकष्टीला सकाळीच मला अजून एक नकार आला. व्हिसाचे थोडेच आठवडे उरले होते. मी प्रेस उघडला. नेहमीचं मागणं तोंडात येईना. तिच्यासारखी नुसती उभी राहिले. बराच वेळ काहीच वाटलं नाही. मग कळलं की माझ्या हातात काही नाही, आणि ते त्याला सांगताना पहिल्यांदाच लाज वाटली नाही. शेवटी, जिवावर आल्यासारखं का होईना, म्हणाले, तिलाही तिकडे बरं असू दे.

संध्याकाळी बाहेर गच्च ढग. तिचा फोन आला.

"दिसला का गं?"

"नाही. तुला?"

"समोरच आहे! एवढा मोठा!"

चंद्रसुद्धा तिलाच. मला हसू आलं आणि तोच जुना हेवाही वाटला.

"नक्की दिसतोय ना?"

"अगं, बघून राहिली मी. जेव तू."

मी खिडकीतून ढगांनाच नमस्कार केला, गणपतीला नैवेद्य दाखवला आणि तिच्या शब्दावर उपास सोडला.